अठरा महिन्यांची कारकीर्द: पाणबुडीचा कप्तान ओटो क्रेचमर

युरोपातलं दुसरं महायुद्ध सप्टेंबर 1939 मध्ये सुरू झालं आणि मे 1945 मध्ये संपलं. या काळात जर्मनीच्या शेकडो कप्तानांनी पाणबुड्या चालवल्या. त्यांच्यात सगळ्यात जास्त टनांची जहाजं बुडवणारा माणूस युद्धाचे फक्त पहिले साडेअठरा महिने समुद्रावर होता. मार्च 1941 मध्ये ओटो क्रेचमर ब्रिटिशांच्या हाती लागला. त्यानंतर चार वर्षं बाकीचे कप्तान लढत राहिले, नव्या आणि मोठ्या पाणबुड्या आल्या, तरी त्याचा आकडा कुणालाही गाठता आला नाही.

असं का झालं? तो फार हुशार होता, असं उत्तर नेहमी दिलं जातं. हुशार तो होताच. पण 1940 च्या उन्हाळ्यापासून पुढच्या वसंतापर्यंत ब्रिटिशांच्या बचावात एक मोठी फट होती. ती फट क्रेचमरनं इतरांपेक्षा स्वच्छ पाहिली आणि पुरेपूर वापरली. ज्या रात्री ती बुजायला लागली, त्याच रात्री तो पकडला गेला. ही फट नेमकी कसली होती ते कळलं, तर त्याची कारकीर्द आपोआप कळते.

क्रेचमरचा जन्म 1 मे 1912 चा. सायलेशियात, म्हणजे तेव्हाच्या जर्मनीत आणि आजच्या पोलंडमध्ये, एका शिक्षकाच्या घरी तो जन्मला. सतराव्या वर्षी तो काही महिने इंग्लंडमध्ये एक्सेटरला राहिला आणि चांगलं इंग्रजी शिकून आला. 1930 मध्ये नौदलात भरती झाला, 1936 मध्ये पाणबुडी दलात गेला. पुढच्याच वर्षी त्याला यू-23 नावाची छोटी पाणबुडी मिळाली. युद्ध सुरू झालं तेव्हा याच बोटीतून तो स्कॉटलंडच्या किनाऱ्यापाशी फिरत होता. जानेवारी 1940 मध्ये त्यानं ऑर्कनी बेटांजवळ नांगर टाकून उभं असलेलं 'डान्मार्क' हे दहा हजार टनांवरचं तेलवाहू जहाज फोडलं. हे जहाज डेन्मार्कचं होतं आणि डेन्मार्क तेव्हा तटस्थ होता, ही गोष्ट लक्षात ठेवा. फेब्रुवारीत त्यानं 'डेअरिंग' ही ब्रिटिश विनाशिका बुडवली. तिच्यावरची दीडशेहून जास्त माणसं गेली.

एप्रिल 1940 मध्ये त्याच्या हाती यू-99 आली आणि त्याचं नाव झालं ते याच बोटीमुळे.

ती पाणबुडी म्हणजे काय होतं?

आज पाणबुडी म्हटलं की महिनोन्महिने पाण्याखाली राहणारी अणुऊर्जेवरची बोट डोळ्यांसमोर येते. यू-99 तशी नव्हती. मुळात ती पाण्यावरून चालणारी बोट होती, गरज पडली की बुडी मारू शकणारी. वर असताना डिझेल इंजिनं चालायची. इंजिनाला हवा लागते, त्यामुळे पाण्याखाली गेलं की ती बंद करून बॅटऱ्यांवर चालणाऱ्या मोटारी लावाव्या लागत. वर असताना तिचा वेग ताशी 33 किलोमीटरच्या घरात होता. पाण्याखाली जास्तीत जास्त ताशी 15, आणि तोही बॅटरी उतरेपर्यंत, म्हणजे फार थोडा वेळ. बॅटरी पुरवून पुरवून वापरायची तर माणसाच्या भरभर चालण्याच्या वेगानं सरकायचं, आणि मग कधी तरी वर येऊन डिझेल लावून ती पुन्हा भरायची.

लांबी साधारण 66 मीटर. आत चाळीस-बेचाळीस माणसं. पुढच्या बाजूला टॉर्पेडो सोडायच्या चार नळ्या, मागे एक, आणि फेरीला निघताना जास्तीत जास्त 14 टॉर्पेडो. मोहिमेच्या सुरुवातीला पुढच्या खोलीत जादा टॉर्पेडो रचलेले असत आणि खलाशी त्यांच्याच आजूबाजूला झोपत. दोन संडासांपैकी एक खाण्याच्या सामानानं भरलेला असे. ते सामान संपेपर्यंत सगळ्यांनी उरलेला एकच वापरायचा. गोडं पाणी पिण्यापुरतं आणि स्वयंपाकापुरतं, आंघोळ नाही. पावाला बुरशी धरायची. डिझेलचा, घामाचा आणि ओल्या कपड्यांचा वास कपड्यांत इतका मुरे की बंदरात उतरल्यावरही जात नसे.

यू-99 वर सोनेरी रंगाची घोड्याची नाल लावलेली असायची. कील या जर्मन बंदरात नांगर वर घेताना त्याच्याबरोबर दोन नाला निघाल्या, आणि तेव्हापासून नाल हे बोटीचं चिन्ह झालं. कप्तान स्वतः फारसं बोलत नसे. काळ्या सिगारी ओढायचा, आणि मुख्यालयाला वायरलेसवरून संदेश पाठवण्याचाही त्याला कंटाळा होता. त्याला 'गप्प ओटो' म्हणत ते यामुळेच. या गप्पपणाचा फायदाही होता. वायरलेसचा प्रत्येक संदेश शत्रूला तुमची दिशा सांगू शकतो.

फट कसली होती?

ब्रिटन हे बेट आहे. धान्य, मांस, लोखंडाचं खनिज, लाकूड आणि पेट्रोलचा थेंबन् थेंब जहाजातून यायचा. पाणबुडी दलाचा प्रमुख कार्ल डोनिट्झ याचा हिशेब सरळ होता: ब्रिटन जितक्या वेगानं जहाजं बांधतो त्यापेक्षा जास्त वेगानं ती बुडवायची, म्हणजे देश उपासमारीनं गुडघे टेकेल. कप्तानांची मोजदाद टनांत व्हायची ती म्हणूनच. (हे टन वजनाचे नाहीत. जहाजाच्या पोटात एकूण जागा किती, याचं ते माप आहे.)

ब्रिटिशांचा जुना उपाय होता ताफ्याचा. तीस-चाळीस व्यापारी जहाजं रांगा करून एकत्र चालायची आणि भोवती युद्धनौकांची राखण असायची. राखणीच्या जहाजांकडे अ‍ॅस्डिक नावाचं यंत्र होतं. आजचं सोनार म्हणजे त्याचाच पुढचा अवतार. विहिरीत तोंड घालून हाक मारली की आवाज आपटून परत येतो, तसं हे यंत्र पाण्याखाली आवाज सोडायचं आणि तो एखाद्या वस्तूवर आपटून किती वेळात परत येतो ते ऐकायचं. वेळावरून अंतर, दिशेवरून जागा. चांगल्या परिस्थितीत दीड-दोन किलोमीटरवरची पाणबुडी सापडायची. युद्धाआधी ब्रिटिश नौदलाला वाटत होतं, आता पाणबुडीची भीती संपली.

पण अ‍ॅस्डिक पाण्याखालची बोट शोधायचं. पाण्यावर तरंगणारी पाणबुडी त्याला जवळजवळ सापडतच नसे. रात्री तिचा बुटका काळा मनोरा लाटांमध्ये डोळ्यांनाही दिसत नसे, कारण ती पाण्याच्या अगदी सपाटीला असते. उलट तिच्या मनोऱ्यावरून बघणाऱ्याला व्यापारी जहाजं आभाळाच्या पार्श्वभूमीवर उंच, काळी आणि स्पष्ट दिसायची. भर म्हणजे पाण्यावरून चालणारी यू-99 ही ब्रिटिशांच्या छोट्या कॉर्व्हेट नौकांपेक्षा वेगानं पळू शकत होती. जहाजांवर बसवता येईल असं रडार जवळपास कुठेच नव्हतं.

म्हणजे रात्री पाण्यावरून हल्ला केला तर पाणबुडी दिसत नाही, ऐकू येत नाही आणि हाती लागत नाही. फट म्हणतो ती हीच.

डोनिट्झला हे माहीत होतं, त्याच्या सगळ्या कप्तानांना तेच शिकवलेलं होतं. क्रेचमर एक पाऊल पुढे गेला. नेहमीची पद्धत अशी होती की ताफ्याच्या बाहेर थांबायचं, दुरून तीन-चार टॉर्पेडो पंख्यासारखे पसरवून सोडायचे आणि एखादा तरी लागेल अशी आशा करायची. क्रेचमरला हे उधळपट्टीचं वाटायचं. चौदा टॉर्पेडो असे किती दिवस पुरणार? तो राखणीच्या दोन नौकांमधल्या अंतरातून थेट ताफ्याच्या आत शिरायचा. व्यापारी जहाजांच्या दोन रांगांच्या मधोमध, त्यांच्याच दिशेनं, त्यांच्याच वेगानं चालत राहायचा आणि काहीशे मीटरवरून एका जहाजाला एकच टॉर्पेडो मारायचा.

हे ऐकायला वेडेपणाचं वाटतं, पण त्यामागे साधा हिशेब आहे. टॉर्पेडो सरळ रेषेत जातो आणि त्याला अंतर कापायला वेळ लागतो. तो पोचेपर्यंत जहाज पुढे सरकलेलं असतं. म्हणून आत्ता जहाज जिथं आहे तिथं नेम धरून उपयोग नाही, टॉर्पेडो पोचेल तेव्हा असेल तिथं धरावा लागतो. त्यासाठी जहाजाचा वेग, त्याची दिशा आणि अंतर यांचा अंदाज बांधावा लागतो. अंतर जितकं जास्त तितकी अंदाजातली छोटी चूक मोठी होत जाते. अंतर कमी केलं की चुकीला जागाच उरत नाही. ताफ्याच्या आत तर वेग आणि दिशा आधीच ठाऊक असतात, कारण आपण त्यांच्याबरोबरच चाललेलो असतो. शिवाय राखणीच्या नौका पाणबुडी ताफ्याबाहेर शोधत असतात, आत कुणीच बघत नाही.

ऑक्टोबर 1940

जून 1940 मध्ये फ्रान्स पडला आणि जर्मनांना अटलांटिकवरची फ्रेंच बंदरं मिळाली. यू-99 आता लोरियांहून निघू लागली. स्कॉटलंडला वळसा घालायचे दिवस वाचले. याच उन्हाळ्यात ब्रिटनवर स्वारीची भीती होती, त्यामुळे कितीतरी विनाशिका इंग्लिश खाडीत अडकून पडल्या होत्या. ताफ्यांना राखण तुटपुंजी मिळायची.

एससी-7 हा ताफा 5 ऑक्टोबरला कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाहून निघाला. 35 जहाजं, बरीचशी जुनी आणि मंद, लाकूड, पोलाद आणि खनिजानं भरलेली. सुरुवातीला अटलांटिकभर त्यांच्या सोबतीला एकच स्लूप, म्हणजे छोटी युद्धनौका, होती. ब्रिटनजवळ आल्यावर आणखी चार नौका आल्या, पण या नौकांनी आधी कधी एकत्र काम केलेलं नव्हतं. एकमेकांशी बोलायची धड पद्धतही ठरलेली नव्हती.

18 ऑक्टोबरच्या रात्री अनेक पाणबुड्या एकाच वेळी तुटून पडल्या. चांदणं लख्ख होतं. क्रेचमर आत शिरला आणि रात्रभर रांगांमधून फिरत राहिला. राखणीची नौका दिसली की बाजूला सरकायचं, ती गेली की परत यायचं. राखणीच्या नौका सतत प्रकाशगोळे उडवत होत्या आणि तो मनोऱ्यावरून हे सगळं बघत होता. चांदण्यातच सगळं दिसत असताना या गोळ्यांचा काही उपयोग नाही, अशी नोंद त्यानं आपल्या रोजनिशीत केली. त्या रात्री एकट्या यू-99 नं सहा जहाजं बुडवली. एससी-7 मधली एकूण 20 जहाजं गेली. दुसऱ्याच रात्री मागून येणाऱ्या एचएक्स-79 ताफ्यातली आणखी बारा. जर्मन पाणबुडीवाले या काळाला सुखाचा काळ म्हणायचे.

लाकडानं भरलेलं जहाज फुटल्यावरही बराच वेळ तरंगतं. खनिजानं भरलेलं जहाज मिनिटभरात तळाशी जातं. सप्टेंबरमध्ये क्रेचमरनं फोडलेलं 'बॅरन ब्लाइथ्सवुड' हे खनिजवाहू जहाज असंच बघता बघता नाहीसं झालं. नंतर त्याला तराफ्यावर एक एकटा माणूस सापडला. त्यानं त्याला बोटीत घेतलं, कोरडं केलं, दारू पाजली आणि दुसऱ्या बुडालेल्या जहाजाची जीवरक्षक नाव शोधून त्या माणसाला तिच्यात सोडलं. आपण ब्रिटिश पाणबुडीत होतो, असंच त्या बिचाऱ्याला वाटलं होतं.

ही गोष्ट खरी आहे आणि क्रेचमरवर लिहिणारे सगळे ती सांगतात. पण मग 3 नोव्हेंबरच्या रात्रीची गोष्टही तितक्याच ठळकपणे सांगायला हवी. त्या रात्री त्यानं आयर्लंडच्या पश्चिमेला केळी वाहणारं एक जहाज फोडलं. त्यानंतर 'लॉरेंटिक' या तोफा बसवलेल्या जुन्या प्रवासी जहाजाला टॉर्पेडो मारला. 'पेट्रोक्लस' हे तसंच दुसरं जहाज लॉरेंटिकच्या लोकांना पाण्यातून वर घेत असताना क्रेचमरनं त्यालाही मारला. पेट्रोक्लसच्या पोटात रिकामी पिंपं भरलेली होती, त्यामुळे ते बुडेना. त्याच्यावर टॉर्पेडोमागून टॉर्पेडो खर्ची पडले. एका जहाजाला एक टॉर्पेडो हा नियम त्या रात्री चालला नाही. युद्धाच्या कायद्यानं दोन्ही सशस्त्र नौका वैध लक्ष्य होत्या. तरी तराफ्यावरच्या माणसाला दारू पाजणारा आणि माणसं वाचवणाऱ्या जहाजावर नेम धरणारा कप्तान एकच होता. यातला एक अर्धा सोडून दुसरा सांगणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं.

याच आठवड्यात त्याला नाइट्स क्रॉसची पुढची पायरी मिळाली आणि हिटलरनं बर्लिनमध्ये स्वतःच्या हातानं ते पदक दिलं.

त्या जहाजांवर कोण होतं?

जर्मन कप्तानांच्या गोष्टी वाचताना बुडणारी जहाजं म्हणजे नुसती नावं आणि आकडे होऊन बसतात. जुलै 1940 च्या अखेरीस यू-99 नं आयर्लंडच्या पश्चिमेला बुडवलेल्या जहाजांत 'क्लॅन मेन्झिस' होतं. क्लॅन लाइन या जहाज कंपनीची बोट म्हटली की अधिकारी ब्रिटिश आणि खाली काम करणारे बहुतेक हिंदुस्थानी, हे ठरलेलं.

रत्नागिरीच्या पट्ट्यातली कितीतरी कोकणी मुसलमान घरं पिढ्यान् पिढ्या बोटीवर होती. डेकवर सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल, त्यांच्या खाली खलाशी. खानपानाच्या आणि केबिनच्या कामावर गोव्याची माणसं, भंडारखान्यात भंडारी. मुंबईहून भरती व्हायची. युद्धाच्या सुरुवातीला ब्रिटनच्या व्यापारी जहाजांवर काम करणाऱ्यांपैकी साधारण पाव माणसं आपल्याकडची होती, आणि त्यांचा पगार गोऱ्या खलाशाच्या पगाराच्या तुलनेत अगदीच थोडा होता. 1939 च्या शेवटच्या महिन्यांत याच पगारावरून हिंदुस्थानी खलाशांनी ब्रिटिश बंदरांत संप केले. त्यात बऱ्याच जणांना तुरुंगातही जावं लागलं. ज्या युद्धात हिंदुस्थानला कुणी विचारलं नव्हतं, त्यात साडेसहा हजारांच्या आसपास हिंदुस्थानी खलाशी गेले. इंजिनखोलीत काम करणाऱ्याला तर टॉर्पेडो लागल्यावर शिडीपर्यंत पोचायलाच वेळ मिळत नसे.

आजही कोकणात एखाद्या घरी पणजोबा बोटीवर होते आणि परत आले नाहीत, एवढंच ठाऊक असतं. ते कुठल्या समुद्रात गेले, कुठल्या बोटीनं त्यांना बुडवलं, हे घरच्यांना कुणी सांगितलेलं नसतं. पाणबुडीच्या कप्तानांवर रकानेच्या रकाने लिहिले जातात तेव्हा मला हे राहून राहून खटकतं.

17 मार्च 1941 ची पहाट

हिवाळा सरेपर्यंत ब्रिटिश बरंच काही शिकले होते. अटलांटिकच्या लढाईचं मुख्यालय फेब्रुवारी 1941 मध्ये लिव्हरपूलला आलं. राखणीच्या नौकांना एकत्र सराव देऊन पक्के गट बांधायला सुरुवात झाली. काही विनाशिकांवर रडार बसलं. अगदी कच्चं, पण रडार. 7 मार्चला गुंथर प्रीनची यू-47 समुद्रावर नाहीशी झाली ती परत आलीच नाही. स्कॅपा फ्लो या ब्रिटिश नौदलाच्या तळात घुसून 'रॉयल ओक' ही युद्धनौका बुडवणारा हा प्रीन जर्मनीत घराघरात माहीत होता. जर्मन सरकारनं त्याच्या मृत्यूची बातमी मे महिन्यापर्यंत दाबून ठेवली.

16 मार्चच्या रात्री आइसलंडच्या दक्षिणेला एचएक्स-112 ताफा होता. राखणीला कमांडर डोनाल्ड मॅकिन्टायर, 'वॉकर' या विनाशिकेवरून. क्रेचमर नेहमीसारखा आत शिरला. तासाभरात त्यानं पाच जहाजं बुडवली, त्यातली बहुतेक तेलवाहू, आणि सहावं जखमी केलं. सगळे टॉर्पेडो संपले. आता लोरियां गाठायचं, एवढंच काम उरलं होतं.

त्याच ताफ्यापाशी योआखिम शेप्केची यू-100 होती. तिला वॉकर आणि 'व्हॅनॉक' या दोन विनाशिकांनी डेप्थ चार्ज (पाण्याखाली फुटणारे बॉम्ब) टाकून इतकं झोडपलं की तिला वर यावं लागलं. काळोख होता. पूर्वी अशी वर आलेली बोट निसटून गेली असती. व्हॅनॉकच्या रडारवर मात्र एक ठिपका उमटला. समुद्रावरच्या जहाजानं रडारवर पाणबुडी हेरून ती बुडवण्याची ही पहिली यशस्वी वेळ मानली जाते. व्हॅनॉक सरळ तिच्यावर चढली. शेप्के आपल्याच बोटीच्या मनोऱ्यावर चिरडून मेला. बोटीतली अवघी सहा माणसं वाचली.

व्हॅनॉक पाण्यातल्या लोकांना वर घेत उभी होती, वॉकर तिच्याभोवती घिरट्या घालत होती. नेमकी तिथंच यू-99 पाण्यावरून घरी निघाली होती. क्रेचमर खाली होता. पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्याला अचानक समोर विनाशिका दिसली आणि त्यानं बुडी मारायचा हुकूम दिला. रात्री पाण्यावरच राहायचं, निसटून जायचं, बुडी मारायची नाही, ही क्रेचमरची कायमची शिकवण होती. पण हुकूम सुटला आणि बोट खाली गेली. खाली गेल्यावर अ‍ॅस्डिकनं तिला पकडलं.

वॉकरनं डेप्थ चार्ज टाकले. दिवे गेले, पाणी आत येऊ लागलं, इंजिनं बंद पडली आणि बोट दोनशे मीटरच्याही खाली घसरली. बांधणाऱ्यांनी ठरवलेल्या मर्यादेच्या किती तरी खाली. क्रेचमरनं उरलीसुरली दाबहवा टाक्यांत सोडली आणि बोट कशीबशी वर उसळली. वर येताच गोळाबार सुरू झाला. त्यानं दिव्याच्या उघडझापीनं इंग्रजीत संदेश पाठवला की आम्ही बुडतो आहोत, माझ्या माणसांना वाचवा. एक्सेटरला शिकलेली भाषा इथं कामी आली. बोट शत्रूच्या हाती जाऊ नये म्हणून मुख्य इंजिनिअर ती बुडवायला पुन्हा खाली उतरला आणि परत आला नाही. यू-99 वरची तीन माणसं मेली, चाळीस वाचली. वॉकरच्या शिडीवर सगळ्यांच्या शेवटी क्रेचमर आला, गळ्यात दुर्बीण तशीच. मॅकिन्टायरनं ती दुर्बीण ठेवून घेतली आणि उरलेलं युद्धभर वापरली. पुढे शांततेच्या काळात त्यानं ती परत केली.

वॉकरवर त्याच रात्री क्रेचमरनं बुडवलेल्या 'जे. बी. व्हाइट'चे लोकही होते. लिव्हरपूलला पोचेपर्यंत विनाशिकेच्या मुख्य इंजिनिअरनं पत्त्यांतल्या ब्रिजचा डाव मांडला. त्यात बुडालेल्या जहाजांचे अधिकारी होते आणि त्यांना बुडवणारा कप्तानही.

एनिग्मा या जर्मन सांकेतिक यंत्राची गुप्त लिपी फोडल्यामुळे क्रेचमर सापडला, असं अनेकदा वाचायला मिळतं. ते बरोबर नाही. जर्मन नौदलाचे संदेश सलगपणे वाचता येऊ लागले ते 1941 च्या उन्हाळ्यात, यू-110 वरची कागदपत्रं आणि यंत्र हाती लागल्यानंतर. मार्चमध्ये निर्णायक ठरलं ते कच्चं रडार, सराव झालेला गट आणि बुडी मारायचा तो एक हुकूम.

कैदेत आणि नंतर

पुढची सहा-साडेसहा वर्षं क्रेचमर कैदेत होता. आधी इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधल्या ग्राइझडेल हॉलमध्ये, तिथं तो कैद्यांमधला सगळ्यात वरिष्ठ जर्मन अधिकारी होता. ऑगस्ट 1941 मध्ये यू-570 नं एका ब्रिटिश विमानापुढे शरणागती पत्करली आणि अख्खी बोट ब्रिटिशांना मिळाली. तिचे अधिकारी ग्राइझडेलला आल्यावर कैद्यांनी गुपचूप न्यायासन भरवलं, अध्यक्षस्थानी क्रेचमर. पहिल्या अधिकाऱ्याला भेकडपणाचा दोषी ठरवलं गेलं. कलंक पुसायचा तर पळून जाऊन ती बोट बुडव, असं ठरलं. तो पळाला, होमगार्डच्या हाती सापडला, पुन्हा पळू लागला आणि गोळी लागून मेला. कैदेतल्या माणसांना असं न्यायालय भरवायचा कसलाही अधिकार नव्हता. क्रेचमरच्या आयुष्यातलं सगळ्यात काळं पान मला हेच वाटतं, कारण इथं समोर शत्रू नव्हता आणि घाईही नव्हती.

तिथून त्याला कॅनडात ओंटारिओतल्या बोमनव्हिलच्या छावणीत नेलं. 1943 मध्ये तिथल्या कैद्यांनी भुयार खणून पळायचा बेत केला. घरच्या पत्रांत सांकेतिक मजकूर घालून डोनिट्झशी बोलणी झाली. यू-536 न्यू ब्रन्सविकच्या किनाऱ्यावर घ्यायला येणार होती आणि ती खरोखर आलीही. पण कॅनडाच्या लोकांनी पुस्तकाच्या बांधणीत दडवलेले कागद आधीच शोधले होते, भुयारंही सापडली. एक दुसराच कप्तान विजेच्या तारांवरून निसटून किनाऱ्यापर्यंत पोचला, तिथं त्यालाही धरलं. पाणबुडी सापळ्यातून सुटली, पण दोन महिन्यांत तीही बुडाली.

कैदेमुळे क्रेचमर जगला, हे आकड्यांवरून दिसतं. जर्मन पाणबुड्यांवर गेलेल्या सुमारे 40 हजार माणसांपैकी 30 हजारांच्या आसपास मेली. त्याच्या नावावर 47 च्या आसपास जहाजं आणि पावणेतीन लाख टन लागले. मोजायच्या पद्धतीप्रमाणे हा आकडा थोडा इकडेतिकडे होतो.

1947 च्या अखेरीस तो सुटला. 1955 मध्ये पश्चिम जर्मनीचं नवं नौदल उभं राहिलं तेव्हा त्यात गेला. 1965 मध्ये बाल्टिक समुद्राच्या तोंडाशी असलेल्या नाटोच्या नौदल मुख्यालयात तो चीफ ऑफ स्टाफ झाला. हे मुख्यालय जर्मनी आणि डेन्मार्क मिळून चालवत होते. म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वी ऑर्कनीच्या खाडीत ज्या देशाचं तटस्थ जहाज त्यानं फोडलं होतं, त्याच देशाचे अधिकारी आता त्याच्या शेजारच्या टेबलावर बसून तोच समुद्र राखायचे आराखडे करत होते. 1970 मध्ये तो फ्लोटिलेनअ‍ॅडमिरल म्हणून निवृत्त झाला. ऑगस्ट 1998 मध्ये लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसानिमित्त बायकोबरोबर डॅन्यूब नदीवर बोटीनं फिरत असताना अपघात झाला आणि बव्हेरियातल्या श्ट्राउबिंगच्या रुग्णालयात तो वारला. तेव्हा त्याचं वय 86 होतं.